हार्वेस्टरच्या पोटात किती पीक जावे?

वाचकांचे प्रश्न : शेतीयंत्रे

सोयाबीनची काढणी उरकत आली की हार्वेस्टरबद्दलची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांतली बरीचशी एकाच मुद्द्यावर आहेत : यंत्राचा वेग आणि मागे सांडणारे दाणे. म्हणून या अंकात मुख्यतः तोच विषय घेते. पत्रे लांब होती, प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. तिथे त्याने असे हार्वेस्टर पाहिले की चालक वेगाच्या दांड्याला हातही लावत नाही. पीक दाट आले की यंत्र आपणहून हळू होते, विरळ आले की वेग घेते. आमच्याकडे हार्वेस्टर गेल्यावर पाऊस झाला आणि आठवड्याभरात वावर हिरवेगार झाले. सगळे सांडलेले सोयाबीन उगवले होते. असे यंत्र इकडे आले तर हे नुकसान थांबेल का?
– एक शेतकरी, औसा, जि. लातूर

उत्तर : दादा, थोडे थांबेल. पण तुमच्या वावरात जे उगवले, त्यातले बहुतेक थांबणार नाही.

पुतण्याने पाहिलेल्या यंत्रात वेग कसा ठरतो ते आधी सांगते. कापलेले पीक कटर बारवरून, म्हणजे पुढच्या कापणाऱ्या पट्टीवरून, पीक आत ओढणाऱ्या फीडरमध्ये जाते. फीडरच्या साखळीचा पुढचा रोलर वरखाली तरंगता असतो. खालून पिकाचा थर जाड आला की तो उचलला जातो, आणि किती उचलला हे एक सेन्सर मोजतो. दुसरीकडे मळणीच्या ड्रमवर किती जोर पडतोय आणि इंजिनावर किती भार आहे हेही मोजले जाते. यंत्राच्या मागच्या टोकाला, काड बाहेर पडते तिथे आणि चाळणीच्या शेवटी, आदळणारे दाणे ओळखणाऱ्या पट्ट्या असतात. दाणा आदळला की होणारा ठोका काडाच्या ठोक्यापेक्षा वेगळा असतो, त्यावरून ‘दाणे बाहेर चाललेत’ हे कळते. हे सगळे पाहून कंट्रोलर चाकांना तेलाच्या दाबाने फिरवणाऱ्या पंपाचा कोन बदलतो आणि यंत्र हळू किंवा जलद होते. चालकाने फक्त मर्यादा घालून द्यायची : वेग इतक्यापेक्षा जास्त नको, मागचे नुकसान इतक्यापेक्षा जास्त नको.

हे कशासाठी, तर पोटातला प्रवाह सारखा राहावा म्हणून. एक हिशेब करू. १४ फुटी कटर बार, ताशी ४ किलोमीटर वेग, एकरी ८ क्विंटलचे पीक. सेकंदाला ९०० ग्रॅमच्या आसपास दाणे आत जातात, काड वेगळे. तेच यंत्र ओढ्याकाठच्या १२ क्विंटलच्या पट्ट्यात शिरले तर वेग तोच असताना आत जाणारा माल दीडपट होतो. प्रवाह पहिल्याइतका ठेवायचा तर वेग २.७ किलोमीटरवर आणावा लागतो. हा बदल चालकाने दर शंभर पावलांवर, धुळीत, दिवसभर करत राहायचा. थकलेला माणूस ते करत नाही. तो मधला एक वेग धरतो आणि चालत राहतो.

प्रवाह क्षमतेच्या वर गेला की नुकसान हळूहळू वाढत नाही. एका मर्यादेपर्यंत ते जेमतेम असते आणि मग एकदम उसळते, कारण काडाचा थर इतका जाड होतो की दाण्याला खाली गळायला वाटच मिळत नाही. आणि माल फार कमी झाला तरी बिघडते. चाळणीवर पुरेसा थर नसला की पंख्याची हवा दाणेच उडवते, आणि ड्रममध्ये काडाची गादी नसल्याने दाणा फुटतो. पिठाच्या गिरणीत दळण सोडताना गिरणीवाला आवाज ऐकून झडप सारतो, तसे हे काम आहे.

आता तुमच्या वावराकडे येते. सोयाबीनमध्ये सांडणाऱ्या दाण्यांपैकी बहुतेक दाणे यंत्राच्या पोटात जातच नाहीत. ते कटर बारपाशी पडतात. वाळलेली शेंग रीलच्या, म्हणजे पीक कटर बारकडे ओढणाऱ्या फिरत्या चक्राच्या, फटक्याने तडकते, पाते बोथट असले की झाड हिसकले जाते, आणि जमिनीलगतच्या शेंगा खोडालाच राहतात. रुंद वरंबा सरीवर पेरलेले असेल तर कटर बार वरंब्यावर टेकतो आणि कडेच्या शेंगा सुटतात. हे नुकसान मागच्या पट्ट्यांना दिसत नाही, कारण ते दाणे तिथवर पोचलेलेच नसतात. आयोवातले यंत्रही केबिनमधल्या पडद्यावर हिरवी खूण दाखवत असताना कटर बारखाली दाणे सांडू शकते. तिथे त्यासाठी निराळी सोय असते. जमिनीप्रमाणे वाकणारा कटर बार आणि त्याची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा.

म्हणून कोणतेही यंत्र येवो, खाली वाकून मोजा. माझ्या पिशवीत कुंपणाच्या तारेचा एक फूट बाय एक फूट चौकोन कायम असतो. यंत्र चालू पिकात एकदम थांबवायला सांगा, मग त्याच्या लांबीइतके मागे घ्यायला लावा. तीन जागी मोजायचे : पुढे उभ्या पिकात, कटर बार जाऊन आलेल्या मोकळ्या जागेत, आणि यंत्राच्या मागे काड बाजूला सारून. उभ्या पिकात मिळालेले दाणे आधीच गळलेले, त्यात यंत्राचा दोष नाही. दुसऱ्या जागेतून ते वजा केले की कटर बारचे नुकसान मिळते. मागच्या जागेचा हिशेब मात्र नीट करा. पोटातून आलेले दाणे यंत्राच्या पोटाइतक्याच रुंद पट्ट्यात पडतात आणि कटर बार त्याच्या साधारण तिप्पट रुंद असतो. म्हणून मागच्या आकड्यातून दुसऱ्या जागेचा आकडा वजा करून उरलेल्याला तीनने भागायचे. हे न करता लोक मागचे दाणे पाहून चालकाशी भांडतात आणि कटर बारकडे कोणी पाहत नाही.

शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर एका चौरस फुटात १९ दाणे म्हणजे एकरी एक क्विंटल. फुटात पाच दाणे दिसले तर किरकोळ वाटतात, पण ते एकरी २५ किलोच्या वर जातात. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने चौदाशे रुपये. चार-पाच ठिकाणी चौकोन टाकून सरासरी काढा, एका जागेवर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : माझे स्वतःचे जुने हार्वेस्टर आहे, भाड्याने चालवतो. त्यात स्क्रीन नाही, सेन्सर नाही. शेतकरी म्हणतात हळू चालव, पण भाडे एकरावर असते आणि हळू चालवले की दिवस परवडत नाही. सेन्सर बसवून घेता येईल का? नाहीतर काय करावे?
– एक हार्वेस्टरमालक, परतूर, जि. जालना

उत्तर : मागचे दाणे मोजणाऱ्या पट्ट्या आणि त्यांचा मीटर जुन्या यंत्रावर बसवता येतात. वेग आपोआप बदलणे मात्र तुमच्या यंत्रात सोपे नाही. पंजाबात, नाभा-भादसों पट्ट्यात बनलेली जी यंत्रे आपल्याकडे फिरतात, त्यांतल्या बहुतेकांची चाल गिअरबॉक्स आणि पट्ट्याच्या व्हेरिएटरवर (चाल कमीजास्त करणाऱ्या पुलीवर) असते. कंट्रोलरला हुकूम द्यायला हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावरची, चाल लागते. ती बदलण्याचा खर्च जुन्या यंत्रावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण तुम्हीच कंट्रोलर आहात, आणि चांगले होऊ शकता. सगळ्यांत मोठी गोष्ट ही : दाट पीक आले म्हणून ॲक्सिलरेटर कमी करू नका. ड्रम, पंखा, चाळण्या, फीडर, सगळे त्याच इंजिनावर पट्ट्यांनी फिरते. इंजिनाचे फेरे उतरले की ड्रम मंदावतो, मळणी अर्धवट होते, पंख्याची हवा कमी पडते, चाळणीवर भुसा साचतो, अर्धवट मळलेला माल परतीच्या एलेव्हेटरने पुन्हा ड्रमवर येतो आणि ओझे आणखी वाढते. इंजिन कायम पूर्ण फेऱ्यांवर ठेवा आणि यंत्राची चाल व्हेरिएटरने कमी करा, तरी भागले नाही तर खालचा गिअर. दाट पट्ट्यात शिरण्याआधी कमी करा, ड्रम गुरगुरू लागल्यावर नाही. तो आवाज येतो तेव्हा माल आधीच आत गेलेला असतो.

परतीच्या एलेव्हेटरचे झाकण अधूनमधून उघडून पाहत जा. त्यात स्वच्छ सुटे दाणे भरपूर दिसले तर वरची चाळणी जास्त उघडी आणि खालची जास्त मिटलेली आहे असे समजा. शेंगांचे तुकडे जास्त असतील तर मळणीत कमी पडतेय. पडद्यावरच्या आलेखापेक्षा मला ही जागा जास्त सांगून जाते.

सकाळचे दहिवर आणि हिरवे तण यांना वेगळे धरा. सकाळी नऊला जो थर आत जातो, तोच दुपारी एकला निम्म्या जोरात मळला जातो. म्हणूनच महागड्या यंत्रांतही थराची जाडी एकटी पुरत नाही, ड्रमवरचा जोरही पाहावा लागतो. तुमच्याकडे कान आहे, आणि केबिन उघडी असल्याने तो नीट चालतो.

रीलचे मात्र विसरू नका. रीलच्या दात्यांची गती यंत्राच्या चालीपेक्षा थोडीच जास्त हवी, सव्वापटीच्या वर नको. तुम्ही चाल कमी केली आणि रील तशीच फिरत राहिली तर ती वाळल्या शेंगांना झोडपते, आणि ‘हळू चालवूनही सांडले’ अशी तक्रार येते. ती तक्रार खरी असते.

भाड्याबद्दल तुमचे म्हणणे मला पटते. एकरावर भाडे ठरले की घाई होते. तासावर ठरवले की रेंगाळणे होते आणि शेतकऱ्याचा जीव वर-खाली. माझ्या पाहण्यात चालते ते असे : भाडे एकरावरच ठेवायचे, पण पहिली फेरी झाल्यावर शेतकऱ्यासमोर तारेचा चौकोन टाकून मोजायचे, कटर बार आणि वेग तिथेच लावून घ्यायचे, आणि त्या वेगावर पुढचे शेत. शेतकऱ्यानेही बांधाकडेचे तण आधी काढून ठेवावे आणि कोपरे हाताने सोंगून द्यावेत. वळणे कमी झाली की तुमचा वेळ तिथे वाचतो.

प्रश्न : आम्ही दरवर्षी घरचेच सोयाबीन बियाणे म्हणून ठेवतो. हार्वेस्टरने काढलेले बियाणे उगवत नाही असे सासूबाई म्हणतात, तर यजमान म्हणतात मजूरच मिळत नाहीत. काय करावे?
– एक शेतकरी महिला, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सासूबाईंचे निरीक्षण बरोबर आहे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी खाली बसलेला असतो. ड्रमचा फटका बसला की वरून दाणा अखंड दिसतो आणि आत अंकुर दुखावलेला असतो. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हापासून घरच्या बियाण्याची उगवण तपासूनच पेरा असे मी प्रत्येकाला सांगत असते.

तरीही मार्ग आहे. बियाण्यापुरते एक चांगले, तण नसलेले वावर निवडा. दाण्यातला ओलावा १३ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना काढा. त्याहून वाळला की दाणा फुटतो आणि डाळ पडते, त्याहून ओला असला की चेचला जातो. ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० पर्यंत उतरवून घ्या आणि ड्रमखालच्या जाळीची फट वाढवून घ्या. हे ड्रमच्या स्वतःच्या व्हेरिएटरने किंवा पुली बदलून करायचे, इंजिन मंद करून नाही. आणि इथे पहिल्या उत्तरातली गोष्ट परत लागू होते : ड्रममध्ये काडाची गादी अखंड असली पाहिजे. यंत्र रिकाम्यासारखे चालले, मध्येच थांबले, परत सुरू झाले, की त्या क्षणी ड्रममधले दाणे थेट लोखंडावर आपटतात. म्हणून शेताच्या कडेची पहिली फेरी आणि वळणांजवळचा माल बियाण्यात घेऊ नका. टाकी रिकामी करून मग मधल्या सरळ ओळींचा माल वेगळा भरा.

त्या टाकीतला मूठभर माल हातावर घेऊन पाहा. डाळ दिसत असेल तर यंत्र तिथेच थांबवायला सांगा. संकोच करू नका, पैसे तुम्ही देता.

घरी आणल्यावर सावलीत सुकवा, पोत्यांची थप्पी उंच लावू नका. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचे प्रमाण, त्याहून कमी असतील तर बियाणे वाढवा. फारच कमी असतील तर ते तेलाला द्या. मजूर दोन-चारच मिळत असतील तर ते बियाण्याच्या तुकड्यासाठी राखा आणि बाकीचे हार्वेस्टरने काढा. सासूबाईंचे आणि यजमानांचे, दोघांचेही राहते.

प्रश्न : मी कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागे दाणे पडतायत हे सेन्सरला कळते, मग वेग थेट त्यावरूनच का ठरवत नाहीत? इतके वेगवेगळे सेन्सर कशाला? यावर प्रकल्प करण्याजोगे काही आहे का?
– एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : कारण ती बातमी उशिरा येते. कटर बारने कापलेले पीक फीडरच्या सेन्सरखाली एक-दोन सेकंदांत पोहोचते. तेच पीक ड्रममधून, काड झटकणाऱ्या वॉकरवरून, चाळणीवरून मागच्या पट्टीवर आदळेपर्यंत दहाएक सेकंद जातात. ताशी ४ किलोमीटर वेगाने तेवढ्यात यंत्र अकरा मीटर पुढे गेलेले असते. दाट पट्टा कदाचित संपलाही असेल. अशा शिळ्या बातमीवर जोरात वेग बदलला तर यंत्र हळू-जलद-हळू असे हेलकावे खाऊ लागते. म्हणून फीडरची जाडी आणि ड्रमचा जोर यांच्यावर झटपट निर्णय, आणि मागच्या नुकसानावर सावकाश दुरुस्ती, अशी दोन मजल्यांची रचना करतात. मागच्या पट्टीचा दुसरा दोष असा की ती आदळलेल्यांपैकी काहीच दाणे ऐकते. तिचा आकडा ‘वाढले’ किंवा ‘कमी झाले’ एवढेच सांगतो. किलोत सांगायचे तर जमिनीवर मोजून तिला पिकागणिक लावून घ्यावे लागते.

हा विचार नवा नाही. उत्तर अमेरिकेतल्या संशोधकांनी १९६० च्या दशकातच प्रवाहावरून वेग आपोआप बदलण्याचे प्रयोग केले होते. अडचण तेव्हा टिकाऊ सेन्सरची आणि चाल चटकन बदलण्याची होती. बाजारात ही सोय या शतकाच्या पहिल्या दशकात रुळली : क्लास या जर्मन कंपनीचे क्रूझ पायलट, जॉन डिअर या अमेरिकी कंपनीचे हार्वेस्टस्मार्ट. आता पाऊल पुढे पडले आहे. जॉन डिअरने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या एस७ मालिकेत केबिनवरचे कॅमेरे समोरचे उभे पीक पाहतात, हंगामातल्या उपग्रह चित्रांवरून कुठे पीक दाट आहे याचा नकाशा आधीच असतो, आणि कापण्यापूर्वीच वेग बदलतो. उशीर मोडण्याचा हाच खरा उपाय आहे, आणि मला तो मनापासून आवडतो.

प्रकल्पासाठी : वेग नियंत्रणाच्या मागे लागू नकोस. जुन्या हार्वेस्टरच्या फीडरच्या तरंगत्या रोलरवर साधा विस्थापन सेन्सर लाव, ड्रमच्या शाफ्टचे फेरे मोज, जीपीएसने जागा आणि वेग नोंद. सोबत तारेचा चौकोन घेऊन नुकसान मोज. आपल्या सोयाबीनमध्ये, आपल्या १४ फुटी यंत्रात, कोणत्या प्रवाहाला नुकसान उसळते त्याची वक्ररेषा काढ. ती हाती असली तर एक लाल-हिरवा दिवा केबिनमध्ये लावूनसुद्धा चालकाला मोठी मदत होईल. सकाळचा आणि दुपारचा ओलावा वेगळा नोंदायला विसरू नकोस, नाहीतर दोन वक्ररेषा एकमेकींत मिसळतील.

प्रश्न : ऊसतोडणी यंत्राने तोडलेल्या उसात पाचट जास्त म्हणून कारखाना वजनातून वजावट करतो. चालक म्हणतो पंखा वाढवतो, पाचट जाईल. वाढवू द्यावा का?
– एक ऊस उत्पादक, इंदापूर, जि. पुणे

उत्तर : एका मर्यादेपर्यंतच. पंखा पाचट ओढतो, तसे कांडीचे तुकडेही ओढतो. ते पात्यांवर आपटून भुगा होऊन पाचटात पडतात. शेतात कांडी पडलेली दिसत नाही, म्हणून नुकसान झालेच नाही असे वाटते. वजावट कागदावर दिसते, उडालेला ऊस कुठेच लिहिला जात नाही.

आधी प्रवाह पाहा. उभ्या उसात जो वेग चालतो, तो लोळलेल्या उसात चालत नाही. एकदम गठ्ठा आत गेला की पंख्याला पाचट वेगळे करायला वावच मिळत नाही आणि मग चालक फेरे वाढवतो. वेग कमी करा, वाढे (उसाचे शेंडे) छाटणारे पाते योग्य उंचीवर आहे का बघा, बुडाची पाती धारदार ठेवा. मगच पंख्याला हात लावा.

खात्री करायची तर एकाच वावरातल्या, सारख्या लांबीच्या सऱ्या घ्या. निम्म्या सध्याच्या फेऱ्यांवर तोडा, निम्म्या वाढवलेल्या फेऱ्यांवर, दोन्हींचा ऊस वेगवेगळ्या वाहनांत भरा. काट्यावरचे वजन आणि वजावटीनंतरचे वजन दोन्ही लिहून ठेवा. वाढवलेल्या फेऱ्यांच्या सऱ्यांतून, वजावट कमी होऊनही, हाती येणारे वजन घटले असेल तर चालकाला फेरे पूर्वीसारखे करायला सांगा, आणि त्या पाचटाची मूठ उचलून नाकाशी धरून पाहा : ताज्या रसाचा वास येईल.